झीरो एडीमध्ये सोपाऱ्याचं ऊन कसं पाडावं

झीरो एडी या खेळाच्या एडिटरमध्ये नवा नकाशा उघडला की सूर्य 45 अंशांवर टांगलेला असतो. हे ऊन अथेन्सचं नसतं, पाटलीपुत्राचंही नसतं, कुठलंच नसतं. त्यावर मौर्यांची घरं मांडली, हत्ती उभे केले, ताड-माड लावले, तरी चित्र स्टुडिओत काढल्यासारखं दिसतं. बरेच नवशिके मग धुकं वाढवतात, चकाकी वाढवतात, सगळ्यावर केशरी झाक मारतात. मीही तेच केलं होतं. या लेखात उलट्या क्रमाने जाऊ: आधी सूर्य, मग सावलीतला उजेड, मग पाणी, आणि धुकं अगदी शेवटी.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. झीरो एडी हा प्राचीन काळावरचा, फुकट मिळणारा स्ट्रॅटेजी गेम. 2001 मध्ये एज ऑफ एम्पायर्स 2 या खेळाचा मॉड, म्हणजे तयार खेळात चाहत्यांनी केलेली भर, करायचा म्हणून तो सुरू झाला, पुढे स्वतःचं इंजिन घेऊन वेगळा झाला, आणि 2009 मध्ये वाइल्डफायर गेम्सने त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. ग्रीक, रोमन, पर्शियन यांच्यासोबत त्यात मौर्यही आहेत. 2025 च्या सुरुवातीला आलेल्या 27 व्या अल्फा आवृत्तीचं नाव तर चक्क 'अग्नी' आहे. आपल्या कामाचं म्हणजे नकाशाचा एडिटर, ॲटलस, खेळासोबतच येतो आणि प्रकाशाचं बहुतेक काम एकही ओळ कोड न लिहिता त्यात होतं.

सरावासाठी एक खरी जागा घेऊ. सोपारा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचं प्राचीन शूर्पारक बंदर. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, त्यामुळे मौर्य इथे मांडताना कल्पनेला फार ताणावं लागत नाही. अक्षांश साधारण 19.4 उत्तर. हा आकडा लिहून ठेवा, आपल्या सगळ्या उन्हाचा हिशेब त्यावर आहे.

तयारी

मुख्य मेनूतून सीनारिओ एडिटर उघडा. ॲटलस वेगळ्या खिडकीत सुरू होतो. डावीकडे वर लहान चिन्हांची रांग दिसेल: नकाशा, खेळाडू, जमीन, वस्तू वगैरे. त्यातलं एन्व्हायर्नमेंटचं चिन्ह दाबलं की सूर्य, आकाश, धुकं आणि पाण्याच्या मोजपट्ट्या एका लांबलचक पट्टीत येतात.

लगेच त्यांना हात लावू नका. आधी एक लहान नकाशा घ्या. एका कोपऱ्यात पाणी, एका बाजूला टेकडी, थोडी झाडी एवढं पुरे. मधल्या मोकळ्या जागेत अशोकस्तंभ उभा करा. मौर्यांच्या इमारतींमध्ये तो आहे आणि आपल्याला तो शोभेसाठी नाही, सावली मोजायला हवा आहे. त्याच्या भोवती निळ्या, लाल, हिरव्या आणि पिवळ्या खेळाडूंचे चार-चार शिपाई ठेवा. काही पाण्याच्या काठी, काही झाडांखाली, काही भर उन्हात. एक हत्तीही ठेवा, त्याची राखाडी पाठ प्रकाशातली प्रत्येक चूक दाखवते.

नकाशा सेव्ह करा आणि लगेच दुसऱ्या नावाने आणखी एकदा सेव्ह करा. ॲटलसला तुमच्या कष्टांची कदर नसते. कधी बंद पडेल सांगता येत नाही.

सूर्य: अक्षांशावरून उंची काढा

भूगोलाच्या वर्गात हे आपण शिकलेलो असतो आणि पेपर झाल्यावर विसरतो. दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल हे काढायला 90 मधून अक्षांश वजा करायचा. मग उत्तर गोलार्धात 21 जूनच्या सुमारास 23.5 मिळवायचे, 22 डिसेंबरच्या सुमारास वजा करायचे.

सोपाऱ्याचं गणित: डिसेंबरच्या अखेरीस दुपारी 90 वजा 19.4 वजा 23.5, म्हणजे साधारण 47 अंश. अथेन्सचा अक्षांश 38 धरला तर त्याच दिवशी तिथे सूर्य 28.5 अंशांपर्यंतच चढतो. हा फरक पडद्यावर लगेच कळतो. अथेन्सच्या हिवाळ्यातल्या भर दुपारी स्तंभाची सावली स्तंभाच्या जवळजवळ दुप्पट लांब पडेल, सोपाऱ्यात स्तंभापेक्षा किंचित आखूड. जूनमध्ये अथेन्समध्ये सूर्य 75 अंशांच्या पुढे जातो आणि आपल्याकडे तर डोक्यावरून थोडा उत्तरेलाच सरकतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याला माहीतच आहे: मुंबई-सोपारा पट्ट्यात मेच्या मध्यावर एकदा आणि जुलैच्या अखेरीस एकदा.

तेव्हा सन एलेव्हेशनची मोजपट्टी हाताने कुठेतरी ओढून 'बरं दिसतंय' म्हणू नका. आकडा ठरवा, टाका, आणि स्तंभाची सावली बघून पडताळा. 45 अंशांना सावली स्तंभाएवढी. 20 अंशांना उंचीच्या पावणेतीनपट. 70 अंशांना जेमतेम एक तृतीयांश.

आता थोडा खेळाचा विचार. भर दुपारचं ऊन ऐतिहासिकदृष्ट्या कितीही बरोबर असलं तरी वरून बघायच्या खेळात ते मरगळलेलं दिसतं. सावल्या वस्तूंच्या पायाशी गोळा होतात, घरांची छपरं सपाट होतात, टेकडी चढतेय की उतरतेय ते कळत नाही. दुसरीकडे 20 अंशांच्या खाली गेलात तर प्रत्येक झाडाची सावली शेजारच्या चार शिपायांना गिळते. मी 30 ते 50 अंशांच्या मध्ये राहते. सोपाऱ्यासाठी डिसेंबरची सकाळ, साधारण दहाच्या सुमाराची, सूर्य 35 ते 40 अंशांवर. खरं ऊनही तेच आणि खेळायलाही सोयीचं.

दिशा ठरवायला सन रोटेशन. खेळाचा कॅमेरा सुरुवातीला उत्तरेकडे बघतो, म्हणजे पडद्याची वरची बाजू उत्तर. हिवाळ्यात आपला सूर्य दक्षिणेकडून असतो आणि सकाळी आग्नेयेकडून, तेव्हा सावल्या वायव्येला, पडद्यावर वर-डावीकडे पडायला हव्यात. मोजपट्टी फिरवत राहा, स्तंभाची सावली तिकडे वळली की थांबा. कोणत्या अंशाला काय दिशा हे पाठ करायची गरज नाही. सूर्य बरोबर कॅमेऱ्याच्या पाठीमागे मात्र ठेवू नका. फ्लॅश मारून काढलेल्या लग्नाच्या फोटोत चेहरे चपटे दिसतात ना, तशी घरं दिसतात.

सावलीतला उजेड

नवशिक्यांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष इथे होतं. सन कलर म्हणजे थेट ऊन. ॲम्बियंट कलर म्हणजे आकाशातून सगळीकडे झिरपणारा उजेड, जो सावलीतही पोहोचतो. सावली किती गडद दिसेल हे या दोघांमधल्या अंतरावर ठरतं. ढगाळ दिवस हवा असेल तर सूर्य मंद करा आणि ॲम्बियंट त्याच्या जवळ आणा, सावल्या आपोआप विरतात. कडक ऊन हवं असेल तर उलट.

रंगाचा नियम सोपा: ऊन उबदार तर सावली थंड. निरभ्र दिवशी सावलीत पोहोचणारा उजेड निळ्या आकाशाचा असतो. दोन्हीकडे पिवळा भरला की नकाशा जुन्या अल्बममधल्या फोटोसारखा होतो. सुरुवातीला माझे आकडे घ्या आणि मग तुमच्या डोळ्याने बदला. हिवाळ्यातली सकाळ: सूर्य लाल 255, हिरवा 224, निळा 178, ॲम्बियंट 96, 108, 134. श्रावणातली ढगाळ दुपार: सूर्य 150, 155, 160, ॲम्बियंट 138, 146, 152. दुसऱ्या जोडीत दोघांमधलं अंतर जवळजवळ संपलंय ते बघा.

रंगांशेजारीच सूर्याची प्रखरता वाढवणारी मोजपट्टी आहे. ती थोडीच वाढवा. चुन्याच्या भिंती, वाळू आणि समुद्राचा फेस हे आधी जळतात, म्हणजे त्यांच्यावरचं टेक्स्चर जाऊन नुसता पांढरा डाग उरतो.

इथे माझी एक फजिती. माझा पहिला नकाशा मी आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर बसून केला. दर रात्री मला तो फार पिवळा वाटायचा, म्हणून रोज थोडा निळा वाढवायचे. रविवारी मामेभाऊ सकाळी आला, नकाशा उघडून बघितला आणि म्हणाला, "ताई, सोपारा लडाखला नेलास की काय?" लॅपटॉपवर रात्री स्क्रीन पिवळट करणारी सोय चालू होती आणि मी आठवडाभर त्या पिवळ्याशीच भांडत होते. रंगांना हात लावण्याआधी ही सोय बंद करा, स्क्रीनचा ब्राइटनेस ठरवून घ्या, आणि शेवटचा निर्णय दिवसा घ्या.

आकाश आणि पाणी

आकाशाचे तयार संच आहेत: निरभ्र, विरळ ढगांचे, वादळी, सूर्यास्ताचे. खेळताना कॅमेरा खाली बघत असल्याने आकाश क्वचितच थेट दिसतं. ते दिसतं पाण्यात, प्रतिबिंबात. त्यामुळे सकाळच्या उन्हावर सूर्यास्ताचं आकाश लावलं तर चूक वर दिसणार नाही, खाडी गुलाबी होऊन खाली दिसेल.

पाण्यात दोन रंग असतात आणि दोघांची कायम गल्लत होते. एक पाण्याचा स्वतःचा रंग, दुसरा पाण्यातून दिसणाऱ्या तळावर चढणारी झाक. मर्किनेस म्हणजे गढूळपणा, तो वाढला की तळ दिसेनासा होतो आणि पहिला रंग वरचढ होतो. खाडीसाठी गढूळपणा चांगलाच वाढवा आणि रंग हिरवट-मातकट ठेवा. आपल्या खाडीचं पाणी एजियन समुद्रासारखं निळंशार दाखवलं तर वसई-विरारच्या कोणालाही ते पटणार नाही. लाटांची मोजपट्टी खाडीत खाली, उघड्या समुद्रात वर. पावसाळी नकाशात तांबूस झाक द्या, डोंगरावरची माती वाहून येते तशी.

पोस्ट इफेक्ट: मोजपट्ट्या मेलेल्या का वाटतात

खालच्या भागात ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा), ब्लूम (उजळ भागांभोवती पसरणारी चकाकी) अशा चार मोजपट्ट्या असतात. त्या ओढल्या आणि काहीच बदललं नाही, तर एडिटर बिघडलेला नाही. वर पोस्ट इफेक्ट नावाची निवड आहे आणि ती 'डिफॉल्ट'वर असेल तर या मोजपट्ट्यांना कामच नसतं. तिथे 'एचडीआर' निवडा. तरीही हलत नसेल तर खेळाच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये पोस्ट-प्रोसेसिंग, म्हणजे तयार चित्रावर शेवटी चढवायची रंगसफाई, बंद असणार, ते चालू करा.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. जुन्या लॅपटॉपवर खेळणारे बरेच जण हे सेटिंग बंदच ठेवतात. तुमच्या नकाशाचं सगळं सौंदर्य ब्लूमवर उभं असेल तर त्यांना ते दिसणारच नाही. म्हणून नकाशा आधी पोस्ट-प्रोसेसिंग बंद ठेवून चांगला दिसला पाहिजे. नंतर वरून चिमूटभर: सॅच्युरेशन थोडं कमी-जास्त, कॉन्ट्रास्ट किंचित, ब्लूम अगदी थोडा. वरणावर तुपाची धार सोडतात, तेवढाच. यादीत कॅमेऱ्यासारखा दूरचा भाग धूसर करणारा इफेक्टही सापडेल. स्क्रीनशॉटला तो छान, पण खेळताना लांबचा शत्रूच धूसर होतो.

धुकं

आधी एक घोटाळा निस्तरू. न बघितलेला प्रदेश काळा आणि बघून सोडलेला प्रदेश अंधुक दिसतो, त्याला फॉग ऑफ वॉर म्हणतात. तो खेळाचा नियम आहे. आपण बोलतोय ते हवेतल्या धुक्याबद्दल. पण चाचणी करताना दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून नकाशाच्या सेटिंगमध्ये सगळा प्रदेश उघडा ठेवून एकदा आणि झाकून एकदा, असं दोनदा बघा.

फॉग फॅक्टर म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब जाताना धुकं किती वेगाने दाटतं. हे दाटणं सरळ रेषेत होत नाही, अंतराच्या वर्गावर अवलंबून असतं, त्यामुळे जवळ काहीच जाणवत नाही आणि एका टप्प्यानंतर एकदम पडदा येतो. फॉग थिकनेस म्हणजे तो पडदा जास्तीत जास्त किती दाट व्हायचा. तिसरा रंग. धुक्याचा रंग ॲम्बियंटच्या घरातला ठेवा, फक्त जरा फिका. पांढराशुभ्र ठेवला तर कोणीतरी ट्रेसिंग पेपर ठेवल्यासारखा दिसतो.

सगळ्यांना चकवणारी गोष्ट म्हणजे ॲटलसमध्ये कॅमेरा खेळातल्यापेक्षा खूप वर नेता येतो. वरून बघितलं की सगळा नकाशा लांब, म्हणून सगळाच धुक्यात. घाबरून तुम्ही फॅक्टर कमी करता आणि खेळात गेल्यावर धुकं नावालाही उरत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर खेळातल्या नेहमीच्या उंचीवर खाली या आणि मगच मत बनवा.

आता ते चार रंगांचे शिपाई कामी येतील. पडद्याच्या वरच्या कडेला, म्हणजे कॅमेऱ्यापासून सर्वांत लांब, निळा आणि हिरवा शिपाई वेगळे ओळखू येतात का? येत नसतील तर धुकं जास्त झालंय. मामेभावाबरोबरच्या एका डावात त्याचे सहा हत्ती माझ्या तटबंदीपर्यंत आले तेव्हा मला दिसले. धुकं माझंच होतं, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

पाऊस, धूर आणि धूळ यांच्यासाठी वेगळी सोय आहे. वस्तूंच्या यादीत कणांचे, म्हणजे पार्टिकलचे काही ॲक्टर मिळतात आणि ते झाडासारखे नकाशावर ठेवता येतात. सूर्य किंवा धुक्याचा रंग बदलल्याने मशीनवर भार पडत नाही, कणांनी पडतो. चुलीच्या धुराचे दोन-तीन ठेवा. पावसाने अख्खा नकाशा भरू नका.

मॉड बनवणं

ॲटलसमधून सेव्ह केलेला नकाशा मॉड्स फोल्डरमधल्या 'यूझर' नावाच्या फोल्डरात, त्यातल्या मॅप्स आणि मग सीनारिओज या फोल्डरात जातो. विंडोजवर मॉड्स फोल्डर डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्सच्या आत सापडेल. प्रत्येक नकाशाच्या दोन फाइली असतात. पीएमपी फाईलमध्ये जमिनीचा चढउतार असतो, ती साध्या एडिटरने वाचता येत नाही. एक्सएमएल फाईल मात्र नोटपॅडमध्येही उघडते, आणि तिच्यात एन्व्हायर्नमेंट नावाच्या भागात तुमचा सूर्य, धुकं, पाणी सगळं ओळीने लिहिलेलं असतं.

हा भाग म्हणजे मॉड करणाऱ्याचं घबाड. एका नकाशाचं वातावरण दुसऱ्याला द्यायचं तर तेवढा तुकडा कॉपी करून चिकटवायचा. खेळासोबत आलेल्या नकाशांमधलं ऊन आवडलं तर त्यांची एक्सएमएल उघडून आकडे बघता येतात. मूळ फाइलीला मात्र हात लावायचा नाही, प्रत काढून घ्यायची. दोन गोष्टी लक्षात ठेवा. इथे रंग 0 ते 255 नसून 0 ते 1 मध्ये असतात, म्हणजे 224 चे 0.88 होतात. आणि सूर्याचे कोन रेडियनमध्ये असतात: अंशांना 0.01745 ने गुणा, 40 अंशांचे 0.698 येतील. इथे चुकून सरळ 40 लिहिलं तर सूर्य आकाशाभोवती काही फेऱ्या मारून भलतीकडेच थांबतो.

नकाशा वाटायचा असेल तर मॉड्समध्ये तुमच्या नावाचा नवा फोल्डर करा. नाव लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. त्यात मॅप्स आणि सीनारिओज हेच फोल्डर पुन्हा करून दोन्ही फाइली ठेवा. फोल्डरच्या तोंडाशी मॉड डॉट जेसन नावाची छोटी फाईल लागते: नाव, आवृत्ती, यादीत दिसणारं शीर्षक, वर्णन, आणि खेळाची कोणती आवृत्ती लागते ते. ही फाईल कोऱ्या पानावर लिहायला जाऊ नका. डाउनलोड केलेल्या एखाद्या मॉडमधली घ्या आणि आतला मजकूर बदला. एक स्वल्पविराम राहिला तरी मॉड यादीत दिसत नाही आणि माणूस अर्धा तास फोल्डर शोधत बसतो.

मग सेटिंग्जमधून मॉड सिलेक्शन उघडा, तुमचा मॉड चालू करा, कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि मॉड सुरू करा. मित्रांबरोबर खेळायचं तर तोच मॉड, त्याच आवृत्तीचा, सगळ्यांकडे हवा. फक्त दिसण्यातले बदल करणाऱ्या मॉडना ही तपासणी टाळण्याची परवानगी देणारी एक ओळ जेसनमध्ये घालता येते. नकाशाच्या मॉडमध्ये ती घालू नका, कारण ज्याच्याकडे नकाशाच नाही तो खेळणार कुठे?

शेडर, म्हणजे पडद्यावर प्रकाश कसा उमटावा हे ठरवणारे छोटे प्रोग्राम, बदलून सगळ्याच नकाशांचा प्रकाश एकदम बदलता येतो हे तुमच्या कानावर येईल. येतो, पण खेळाची आवृत्ती बदलली की ते काम पुन्हा करावं लागतं. पहिल्या दोन-तीन नकाशांपर्यंत त्या वाटेला जाऊ नका.

सकाळचा सोपारा जमला की त्याच एक्सएमएलची प्रत काढा, ढगाळ आकडे भरा, खाडी तांबूस करा आणि वादळी आकाश लावा. पीएमपीचीही प्रत लागेल, नाव नव्या एक्सएमएलचंच. मग दोन्ही नकाशांवर कॅमेरा एकाच जागी नेऊन एफ 2 दाबा, दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवा आणि हत्तीची पाठ बघा. पहिल्यात तिच्यावर एक उजळ आणि एक निळसर बाजू दिसली, आणि दुसऱ्यात ती सगळीकडून सारखीच ओली राखाडी दिसली, तर आकडे बरोबर पडलेत.